टॅगांची उतरंड नीट रचली आहे का? एकात एक टॅग तपासण्याची पूर्ण पद्धत

खाली सात ओळींची एक्सएमएल फाइल आहे, म्हणजे माहितीचा प्रत्येक तुकडा कंसातल्या नावांनी, टॅगांनी, उघडून मिटवणारी. तिच्यात एक चूक आहे.

<पाककृती>
  <नाव>भरली वांगी</नाव>
  <साहित्य>
    <घटक>वांगी <माप>८</माप></घटक>
    <घटक>दाण्याचं कूट <माप>अर्धी वाटी</घटक></माप>
  </साहित्य>
</पाककृती>

उघडणारे टॅग मोजा, बंद करणारे मोजा. घटक दोन उघडले, दोन मिटले. माप दोन, तेही दोनदा मिटलं. बाकी सगळे एकेक. हिशेब चोख जुळतो, तरीही एकही एक्सएमएल पार्सर, म्हणजे अशा फायली वाचणारा प्रोग्राम, ही फाइल घेणार नाही. पाचव्या ओळीत माप हा टॅग घटकाच्या आत उघडला आणि घटकाच्या बाहेर मिटला. तेव्हा मोजणीवर विसंबून लिहिलेली तपासणी पहिल्याच उदाहरणात तोंडावर पडते. प्रश्न संख्येचा नसून क्रमाचा आहे.

पुढे जाण्याआधी लिपीबद्दल. वरची फाइल नुसती समजावण्यापुरती देवनागरीत लिहिलेली नाही. १९९८ साली एक्सएमएल १.० आलं तेव्हापासून टॅगांची नावं देवनागरीत ठेवायला अधिकृत मुभा आहे. मात्र सीडेटा, डॉकटाइप यांसारखे राखीव शब्द, एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेतल्या टॅगांची नावं, एस्केपचे, म्हणजे खास चिन्हांऐवजी लिहायचे, संक्षेप आणि कमांड या लेखात उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. कीबोर्डवर त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

उतरंड कशी चालते

संगणकशास्त्रात ज्याला स्टॅक म्हणतात ती आपली उतरंड. मडक्यावर मडकं रचायचं, काढताना वरचं आधी. मधलं मडकं ओढलंत तर वरची सगळी खाली येतात. टॅगांची तपासणी नेमकी याच नियमावर चालते.

१. उतरंड रिकामी ठेवून फाइल पहिल्या अक्षरापासून वाचायला घ्या.
२. उघडणारा टॅग दिसला की त्याचं नाव वर ठेवा. नावासोबत ओळ क्रमांकही ठेवा. तो का, ते पुढे येतंच.
३. स्वतःच मिटणारा टॅग, म्हणजे <फोटो/> असा, आला तर उतरंडीला हात लावू नका.
४. बंद करणारा टॅग आला की सर्वांत वरचं नाव पाहा. तेच असेल तर काढून टाका, नसेल तर चूक.
५. फाइल संपली की उतरंड रिकामी हवी.

आता पाचवी ओळ या नियमांनी वाचू. ओळ सुरू होताना उतरंडीत खालून वर पाककृती, साहित्य अशी दोन नावं आहेत. <घटक> आला, तीन झाली. <माप> आला, चार. मग </घटक> आला, पण वर बसलंय माप. इथेच थांबायचं.

या पद्धतीने सापडणाऱ्या मुख्य चुका चार प्रकारच्या असतात: वरचं नाव वेगळं निघणं, उतरंड रिकामी असताना बंद करणारा टॅग येणं, फाइल संपल्यावर काही शिल्लक राहणं, आणि मूळ टॅग एकदा मिटल्यावर पुन्हा नवा टॅग किंवा मजकूर सुरू होणं. चौथी चूक घरी लिहिलेल्या तपासण्यांतून हमखास सुटते. <अ/><ब/> यात उतरंड शेवटी रिकामीच असते, पण एक्सएमएलमध्ये मूळ टॅग एकच लागतो. त्यासाठी ‘मूळ मिटलं’ अशी एक खूण वेगळी ठेवा. ती लागल्यावर फक्त मोकळी जागा, टिपा आणि प्रक्रिया-सूचना (प्रोग्रामसाठी लिहिलेल्या सूचना) चालतात.

पहिल्या चुकीला थांबायचं नसेल आणि सगळ्या चुकांची यादी एकदम हवी असेल, तर थोडी हुशारी लागते. नाव जुळलं नाही की उतरंडीत खाली शोधा. सापडलं, तर त्याच्या वरचे सगळे टॅग ‘मिटले नाहीत’ म्हणून नोंदवा आणि त्या नावासकट उतरंड उतरवा. सापडलंच नाही, तर बंद करणारा टॅग ‘अनाथ’ म्हणून नोंदवा आणि उतरंड आहे तशी ठेवा. हे केलं नाही तर एका चुकीपोटी शंभर चुका छापल्या जातात. वरच्या फाइलला हा नियम लावला की दोन नोंदी मिळतात: ‘माप, ओळ ५, मिटलं नाही’ आणि ‘</माप>, ओळ ५, अनाथ’. एकाच नावाच्या अशा दोन नोंदी लागोपाठ आल्या की समजावं, टॅग विसरलेला नाही, त्याची अदलाबदल झाली आहे.

हेच काम स्वतःलाच हाक मारणाऱ्या फंक्शनने, म्हणजे रिकर्शनने, सुबक लिहिता येतं. पण पायथन या प्रोग्रामिंग भाषेत रिकर्शनची मर्यादा मुळात १००० असते, आणि कुणी मुद्दाम खोल फाइल पाठवली तर प्रोग्राम आडवा होतो. साधी यादी घेऊन उतरंड करावी आणि खोलीला स्वतःच कमाल मर्यादा घालावी. लिबएक्सएमएल२ हा सर्वत्र वापरला जाणारा पार्सरही नेहमीच्या सेटिंगमध्ये २५६ पातळ्यांच्या पुढे जात नाही.

टॅग म्हणायचं कशाला

इथपर्यंतचं काम पंधरा-वीस ओळींत होतं. खरा घाम पुढे निघतो: समोर आलेलं < हे चिन्ह टॅगची सुरुवात आहे की नाही, आणि टॅग नेमका कुठे संपतो, हे ठरवताना. रेग्युलर एक्स्प्रेशनचा, म्हणजे नमुना शोधणाऱ्या सूत्राचा, एक तुकडा लावून सगळे टॅग उपसायचे आणि उतरंडीत टाकायचे, हा मोह इथेच नडतो. हे पाहा:

<घटक टीप="माप > १ वाटी">गूळ</घटक>

अवतरणातलं > एक्सएमएलला चालतं. ‘< पासून पहिल्या > पर्यंत’ असं शोधणारा तुकडा मात्र टॅग तिथेच तोडतो. म्हणून अक्षर-अक्षर वाचा आणि आपण अवतरणाच्या आत आहोत की बाहेर, हे सतत लक्षात ठेवा. एकेरी अवतरणाने उघडलेला मजकूर एकेरीनेच मिटतो, दुहेरीने उघडलेला दुहेरीने. उलट, अवतरणातलं < एक्सएमएलला चालत नाही, ती चूक नोंदवावी लागते.

< दिसल्यावर पुढची अक्षरं याच क्रमाने तपासा:

१. <!-- असेल तर ती टीप. --> मिळेपर्यंत सगळं सोडून द्या. टिपेच्या आत -- आलं तर एक्सएमएलमध्ये ती चूक आहे.
२. <![सीडेटा[ असेल तर पहिल्या ]]> पर्यंत सगळा साधा मजकूर. आत कितीही टॅग दिसोत, ते टॅग नव्हेत. सीडेटात सीडेटा बसत नाही.
३. <? असेल तर ती प्रक्रिया-सूचना, ?> पर्यंत सोडा.
४. <! असेल तर डॉकटाइप, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारी घोषणा. त्याच्या चौकोनी कंसात स्वतःची > चिन्हं असू शकतात, तेव्हा कंस मिटल्यानंतरचं > धरा.
५. </ असेल तर बंद करणारा टॅग. लगेच नाव, मग हवी तर मोकळी जागा, मग >. म्हणजे </माप > चालतं, </ माप> चालत नाही. बंद करणाऱ्या टॅगला गुणधर्म, म्हणजे वरच्या टीप="…" सारखी जोडी, लावता येत नाहीत.
६. नावात चालणारं पहिलं अक्षर असेल तर उघडणारा टॅग. पुढे गुणधर्म, प्रत्येकाआधी मोकळी जागा, आणि एका टॅगमध्ये तेच गुणधर्म-नाव दोनदा नाही.
७. यातलं काहीच नसेल तर ते < मोकाट आहे. चूक.

क्रम बदलू नका. चौथी पायरी पहिलीच्या आधी घेतली, तर टिपेच्या आतलं पहिलं > आलं की तपासणी टिपेतून बाहेर पडते आणि उरलेल्या टिपेतले टॅग मोजायला लागते.

साध्या मजकुरातलं > चालतं, फक्त ]]> हा तिघांचा गट नाही. < आणि & मात्र कधीच मोकळे ठेवायचे नाहीत, त्यांच्या जागी &एलटी; आणि &एएमपी; लिहायचं. व्यवहारात सगळ्यात जास्त फायली अडतात त्या &मुळे. एक्सेलमधून काढलेल्या यादीत ‘शहा & सन्स’ असतं, कुणीतरी ते तसंच जोडून एक्सएमएल बनवतं, आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आयात अडकते. बिचाऱ्या टॅगांचा त्यात दोष नसतो. एक्सएमएलला मुळात पाचच नावं ठाऊक आहेत: एएमपी, एलटी, जीटी, क्वोट आणि एपॉस. एचटीएमएलमधून उचललेलं &एनबीएसपी; ई-पुस्तकाच्या प्रकरणात राहिलं की चूक येते. तिथे &#१६०; लिहावं, अर्थात आकडे रोमन.

वर्डमधून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून चिकटवलेल्या तुकड्यात आणखी एक गंमत असते. सरळ अवतरणचिन्हांची वाकडी, “ ” अशी, झालेली असतात. पार्सरला ती अवतरणं वाटतच नाहीत. आणि एक्सएमएलची पहिली घोषणा, <?एक्सएमएल ने सुरू होणारी, फाइलच्या अगदी पहिल्या अक्षरापासून हवी. तिच्याआधी एक रिकामी ओळ राहिली तरी फाइल नापास.

तपासणी लिहून झाली की या छोट्या तुकड्यांवर चालवा:

<अ></अ> पास
<अ/> पास
<अ>५ > ३</अ> पास
<अ टीप="५ > ३"/> पास
<अ><!-- <ब> --></अ> पास
<अ><![सीडेटा[</अ>]]></अ> पास
<अ><ब></अ></ब> नापास
<अ>३ < ५</अ> नापास
<अ/><ब/> नापास
</अ> नापास
<अ> नापास
पूर्ण रिकामी फाइल: नापास

शेवटच्याला पास म्हणणाऱ्या तपासण्या पुष्कळ आहेत. उतरंड रिकामी सुरू झाली आणि रिकामी संपली, म्हणून.

डोळ्यांना सारखी, पार्सरला वेगळी

ही अडचण मराठीत टॅग लिहिणाऱ्यांचीच आहे. <शेतकऱ्याचे_नाव> उघडलं आणि </शेतकर्‍याचे_नाव> ने मिटवलं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतील, पार्सर मात्र जुळत नाही म्हणणार.

कारण अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. पहिल्या नावात ऱ आहे, युनिकोड क्रमांक ०९३१, पुढे हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग २००डी क्रमांकाचा न दिसणारा जोडक, मग य. तिसरी तऱ्हाही आहे: साधा र आणि त्याखाली ०९३सी क्रमांकाचा नुक्ता. एक्सएमएल पार्सर नावं अक्षरांच्या क्रमांकांवरून ताडून पाहतो, रूपावरून नाही. एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगळ्या तऱ्हा एका रूपात आणणं, केलं तर पहिली आणि तिसरी तऱ्हा एक होतात. जोडक असलेली दुसरी तशीच राहते, ती शोधून बदलावी लागते.

भर म्हणजे, असा जोडक टॅगच्या नावात चालतो की नाही यावरही पार्सरांचं एकमत नाही. एक्सएमएल १.० च्या २००८ मधल्या पाचव्या आवृत्तीने तो मान्य केला. पायथनसोबत येणारा एक्स्पॅट हा पार्सर चौथ्या आवृत्तीप्रमाणे चालतो आणि तिथेच अडतो. तेव्हा टॅगांच्या नावांत ऱ च वापरायचा असा नियम सगळ्या चमूला घालून द्या, किंवा <शेतकरी_नाव> असं नाव ठेवून प्रश्नच मिटवा. आतल्या मजकुरात कुठलाही र चालतो.

आणि असे टॅग एचटीएमएलमध्ये चालवायला जाऊ नका. तिथे < नंतर रोमन अक्षर आलं तरच टॅग सुरू होतो. <पत्ता> लिहिलंत तर ब्राउझर ते कंसांसकट मजकूर म्हणून छापतो.

वेलफॉर्म्ड वेगळं, व्हॅलिड वेगळं

आतापर्यंत तपासलं ते वेलफॉर्म्ड असणं: रचना सुटी झालेली नाही एवढंच. कुठल्या टॅगच्या आत काय बसावं हा पुढचा प्रश्न, आणि एक्सएमएलच्या भाषेत व्हॅलिड म्हणतात ते त्याला. <नाव> च्या आत <साहित्य> नीट उघडून मिटवलं तर फाइल वेलफॉर्म्ड आहे, पाककृती म्हणून मात्र निरर्थक. त्यासाठी डीटीडी किंवा स्कीमा, म्हणजे कशात काय बसावं याची नियमावली, लागते. ‘साहित्याच्या आत एक किंवा अधिक घटक, दुसरं काही नाही’ हे डीटीडीत (घटक+) असं लिहितात. घरची तपासणी वाढवायची असेल तर उतरंडीतल्या प्रत्येक नावासोबत त्याच्या थेट मुलांची यादी ठेवा, आणि टॅग मिटताना ती नियमाशी ताडा. यापुढे मजल मारायची असेल तर स्वतः लिहीत बसू नये, स्कीमा वापरावा.

एचटीएमएलचा न्याय निराळा

एक्सएमएल कडक आहे, एचटीएमएल समजूतदार. समजूतदारपणाचा तोटा हा, की चूक दिसत नाही. ब्राउझर प्रत्येक चुकीच्या पानातून काहीतरी बनवतोच, आणि काय बनवायचं याचे नियमही ठरलेले आहेत.

काही टॅग कधी मिटतच नाहीत: एरिया, बेस, बीआर, कॉल, एम्बेड, एचआर, आयएमजी, इनपुट, लिंक, मेटा, सोर्स, ट्रॅक, डब्ल्यूबीआर. हे तेरा उतरंडीत ठेवायचे नाहीत. उलट <डिव्ह/> मधली तिरपी रेघ एचटीएमएल मोजतच नाही. तो डिव्ह, म्हणजे पानाचा एक खंड, उघडाच राहतो आणि पुढचं अर्धं पान पोटात घेतो. एक्सएमएलची सवय असलेले लोक इथे फसतात.

पी (परिच्छेद), एलआय (यादीतली नोंद), टीआर (तक्त्याची ओळ), टीडी (तक्त्यातलं घर) यांना मिटवलं नाही तरी चालतं, पुढचा टॅग त्यांना आपोआप मिटवतो. पण तोच नियम असा उलटतो:

<पी>सूचना <डिव्ह>महत्त्वाची</डिव्ह> वाचा</पी>

साध्या उतरंडीला यात काही चूक दिसणार नाही. ब्राउझर मात्र डिव्ह दिसताच पी मिटवतो, ‘वाचा’ हा शब्द परिच्छेदाबाहेर पडतो, आणि शेवटच्या </पी> ला जोडीदार नसल्याने एक रिकामा पी तयार होतो. पीची स्टाइल ‘वाचा’ला का लागत नाही म्हणून सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांत, तास घालवण्यापेक्षा आधी हे पाहावं.

फॉर्मच्या आत फॉर्म याहून वाईट. आतला उघडणारा टॅग ब्राउझर सोडून देतो, पण त्याचा बंद करणारा टॅग बाहेरचा फॉर्म मिटवतो. त्यानंतरचे रकाने पानावर दिसतात, भरता येतात, पण त्यांतली माहिती सर्व्हरकडे जातच नाही. तक्त्यात टीडीच्या बाहेर लिहिलेला मजकूर उचलून तक्त्याच्या वर ठेवला जातो. बी (ठळक) आणि आय (तिरकं) यांची अदलाबदल झाली तर ब्राउझर आय दोनदा बनवून पान हवं तसंच दाखवतो. म्हणून ती चूक वर्षानुवर्षं टिकते.

स्क्रिप्टच्या आतलं काहीच टॅग म्हणून वाचायचं नाही, अपवाद </स्क्रिप्ट> चा. तो जावास्क्रिप्टच्या अवतरणात असला तरी स्क्रिप्ट तिथेच संपते. हे सगळं पाहता एचटीएमएलसाठी स्वतःची उतरंड लिहू नये हे बरं. पायथनमध्ये एचटीएमएल५लिब, जावास्क्रिप्टमध्ये पार्स५ हे प्रमाणित नियमांनी वाचतात आणि चुकांची नोंद मागितली तर देतात. पायथनमधला अंगभूत एचटीएमएल पार्सर टॅग वाचून देतो, पण जोड्या जुळतात का ते पाहत नाही.

चूक शोधायची कशी

मॅकवर एक्सएमएललिंट हे तपासणीचं साधन आधीच असतं, उबुंटूवर लिबएक्सएमएल२-युटिल्स हे पॅकेज घाला. ‘एक्सएमएललिंट --नोआउट फाइल’ ही कमांड द्या. काहीच छापलं नाही तर फाइल वेलफॉर्म्ड आहे. डीटीडीसकट तपासायला --व्हॅलिड, स्कीमासाठी --स्कीमा. विंडोजवर नोटपॅड++ चं एक्सएमएल टूल्स प्लगइन हेच काम करतं. ई-पुस्तकासाठी ईपबचेक, वेबपानासाठी डब्ल्यू३सीचा एनयू तपासक.

मराठी विकिपीडियावर किंवा विकिस्रोतावर काम करणाऱ्यांसाठी विशेष पानांतली लिंट त्रुटींची यादी आहे. न मिटलेले, चुकीच्या क्रमाने मिटलेले आणि अनाथ टॅग तिथे वेगवेगळ्या गटांत मिळतात. २०१८ मध्ये विकिमीडियाने आपल्या विकींवरून टायडी हे जुनं सफाईयंत्र काढलं, आणि तोवर त्याने झाकलेल्या कितीतरी चुका पानांवर दिसू लागल्या.

आता ओळ क्रमांकाबद्दल. साधन ज्या ओळीवर बोट ठेवतं तिथे चूक लक्षात आली, घडली ती आधी कुठेतरी. ‘ओळ ९०: अपेक्षित </घटक>, मिळाला </साहित्य>’ असं दिसलं तर ९० वर काही करू नका. घटक कुठे उघडला ती ओळ पाहा. एक्सएमएललिंट ती सांगतं, आपल्या उतरंडीतही म्हणूनच ओळ क्रमांक ठेवला होता. दुरुस्तीही वरून खाली करा. पहिली चूक सुधारा, पुन्हा तपासा. खालच्या चुका बऱ्याचदा तिच्याबरोबर जातात.

सगळेच टॅग डिव्ह असले तर हा क्रमांकही उपयोगी पडत नाही, कारण चुकीचा </डिव्ह> भलत्याच डिव्हला मिटवतो आणि बोंब थेट </बॉडी> ला होते. तेव्हा फाइलची प्रत घ्या आणि मूळ डिव्हच्या थेट मुलांपैकी निम्मी काढून टाका. बोंब राहिली तर चूक उरलेल्या निम्म्यात, गेली तर काढलेल्यात. पुन्हा निम्मी. चौसष्ट खंड असले तरी सहा फेऱ्यांत एक खंड उरतो. चुका दोन असल्या तर एक सुधारून पुन्हा पहिल्यापासून.

ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधली झाडासारखी रचना मात्र पुरावा म्हणून धरू नका. ती दुरुस्ती झाल्यानंतरची असते, तिथे सगळे टॅग मिटलेलेच दिसणार. मूळ मजकूर पाहायचा तर पानाचा सोर्स उघडा. फायरफॉक्स त्यात चुकलेले टॅग लाल रंगात दाखवतं.